बालसंगोपनच्या पैशाला पाच स्टार, ऑफिसला दोन

पहिले सांगतो, योजना चांगली आहे. माझ्या आत्याचा नातू, नऊ वर्षांचा, मायबाप दोघंही गेले. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत त्याला महिन्याला 2250 रुपये सुरू झाले, पोट्टा घरीच राहिला, आत्याच्या गोधडीत झोपते. त्याचे पाच स्टार.

आता ऑफिस. जिल्ह्याचं नाव लिहत नाही, उद्या त्याच टेबलावर रिन्युअलला जायचं आहे. पोर कोणाकडं राहील हे ठरवणाऱ्या बालकल्याण समितीसमोर पोराला घेऊन या म्हणे. पहाटे साडेचारला निघालो, तीन गाड्या बदलल्या, ऐन रोवणीत दोघांची मजुरी बुडाली, अन् तिथं कळलं आज कोरम नाही, म्हणजे बसायला लागतात तेवढे सदस्यच आले नाही. एक फोन करायचा ना बाप्पा! दुसऱ्यांदा गेलो तर घरासमोरचा फोटो नाही म्हणून वापस.

तिसऱ्यांदा एकदाचं आत बोलावलं. एका मॅडमनं पोराला गोडीत विचारलं, हॉस्टेलला जाशील का, तिथं खेळायला मिळेल. पोट्ट्यानं मान हलवली. मराठीत कोणी काहीही विचारलं की तो मान हलवतेच, शाळेतही तसंच करते. मॅडम लिहायला लागल्या. आत्या माझ्या कानाशी "बाता? बाता?" करत होती, म्हणजे काय म्हणून राहिले हे. मी उठून पोराला तेच गोंडीत विचारलं तर त्यानं आत्याच्या लुगड्यात तोंड खुपसलं अन् रडायलाच लागला. तेव्हा कुठं पेन थांबला. मी नसतो तर? 2015 च्या बाल न्याय कायद्यात स्पष्ट आहे की पोराला संस्थेत टाकणं हा शेवटचा उपाय, मग पहिलाच प्रश्न हॉस्टेलचा काहून? दुभाष्या ठेवला असता तर हा घोळच झाला नसता.

बाकी घरी चौकशीला आलेली ताई एक नंबर. आंगणात बसली, काळा चहा पेली, पोराची वही पाहिली, शेजारच्या काकूलाही विचारलं. तिच्या रिपोर्टमुळेच काम झालं. दोन स्टार तिचेच समजा.

माझं म्हणणं एवढंच की समितीनं महिन्यातून एक दिवस तालुक्याला बसावं, अन् आमच्यात पोर कोणाकडं राहील हे मामा-काका मिळून ठरवतात ते ग्रामसभेत विचारून घ्यावं. आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा 1996 पासून आहे, ग्रामसभेला तेंदूपत्त्याचं विचारता, पोराचं का नाही? कॅनडात तर 2020 पासून कायदाच लागू आहे, तिथले आदिवासी समाज आपल्या पोरांच्या देखभालीचा कारभार आपल्या नियमानं चालवू शकतात. तिकडंही आधी पोरं उचलून बोर्डिंग शाळेतच टाकत होते म्हणा.

कोणाला जायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून समिती बसणार का विचारा. मृत्यू दाखले, बोनाफाईड, घरासमोर पोराचा अन् पालकाचा फोटो, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स, तिथलं मशीन बंदच राहते. अन् गोंडी येणारं कोणी सोबत न्या.