इमूत मी ३,७६,९०० रुपये घालून बुडालो, शहामृगात तुमचे घालू नका

आमच्या सोलापूर भागात परत माणसं फिरायला लागली आहेत. या वेळी शहामृग घेऊन. जोड्या घ्या, अंडी आम्हीच परत घेतो, मांसाला चरबी कमी, हार्टच्या पेशंटला चालतं, परदेशात मागणी. २०१० साली इमूच्या, म्हणजे शहामृगासारख्याच मोठ्या पक्ष्याच्या, वेळी मला हेच सांगितलं होतं, शब्दही बदललेला नाही. म्हणून लाज गिळून आकड्यांसकट लिहितोय.

तीन महिन्यांच्या पिल्लांच्या १० जोड्या, १८,००० ला एक, म्हणजे १,८०,०००. शेड आणि जाळी ६२,५००. खाद्य कंपनीकडूनच घ्यायची अट. अंडी सुरू होईपर्यंत त्याचे १,३४,४००. यातले एक लाख बायकोचं सोनं तारण ठेवून उभे केले. इमू दीड-दोन वर्षांचा झाल्याशिवाय अंडं देत नाही, आपल्याकडं देतो तेही हिवाळ्यात. ग्यानबाची मेख इथंच आहे. तुम्ही भांडायला उठेपर्यंत कंपनीला दोन वर्षं मिळालेली असतात.

शिकलेला माणूस फसला कसा, असं नातेवाईक अजून तोंडावर विचारतात. अहो, नाबार्डमार्फत तेव्हा चालणाऱ्या सरकारी पोल्ट्री व्हेंचर कॅपिटल योजनेत इमू आणि शहामृग दोन्हींची नावं होती. करार स्टॅम्पपेपरवर होता. पहिल्या हंगामात अंड्याला कबूल केलेले १,२०० रुपये रोख मिळाले. मग संशय कशाचा घ्यायचा?

घ्यायला हवा होता तो त्या ऑफिसात. १२ अंडी घेऊन गेलो होतो. माझ्या आधी बार्शीकडचा एक पोरगा नव्या जोड्यांचे पैसे भरत होता. त्याची पावती फाडली आणि त्याच्याच नोटांच्या बंडलातून, त्याच्या देखत, कॅशियरनं माझे १४,४०० मोजून दिले. सगळा धंदा माझ्या डोळ्यांसमोर टेबलावर पडला होता! माझी अंडी कुठल्या हॉटेलात जात नव्हती. ती उबवणी यंत्रात जाणार, आणि पिल्लं त्या पोराच्या मागून येणाऱ्याला विकली जाणार. मांस खाणारा माणूस त्या साखळीत कुठंच नव्हता. मी विचारलंसुद्धा, "तुमचा कत्तलखाना कुठंय?" "काम चालू आहे साहेब, माल एक्स्पोर्टला जाणार." त्या नोटा खिशात घालून मी घरी आलो. त्या बंडलाचा रबर कोणत्या रंगाचा होता तेही आठवतंय मला.

विकणारा आणि परत घेणारा एकच असेल तर तिथून उठा.

पुढच्या हिवाळ्यात शटर बंद, फोन बंद. पक्षी मात्र रोज खायला मागणार. मटणवाल्यानं हात लावला नाही. कित्येकांनी पक्षी माळावर सोडून दिले.

पोलीस ठाण्यात गेलो तर, "करारावर सही तुमची आहे, दिवाणी दावा लावा." जिल्ह्याला गेलो तर, "कंपनीची नोंदणी पुण्याची, तिकडं जा." पुण्यात, "व्यवहार तुमच्याकडं झालाय." कृषी खात्यानं पशुसंवर्धनकडं ढकललं, पशुसंवर्धनवाले म्हणाले, "आम्ही तुम्हाला घ्यायला सांगितलं होतं का?" ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे. तो लावा म्हटलं तर फौजदार म्हणाला, "पक्ष्यांना ठेव कोण म्हणतं?" अरे, पक्षी कशाला, पैसे दिलेत मी! तामिळनाडूत पेरुंदुराईच्या इमू कंपनीवर २०१२ मध्ये तिथल्या ठेवीदार कायद्यानंच कारवाई झाली. आमच्या अर्जाला नुसता पोचेचा शिक्का. आणि २०१९ ला इस्लामपूरकडं कडकनाथ कोंबड्यांत शेतकरी परत तसेच बुडाले. आमच्या तक्रारी वेळेत कुणी उघडून वाचल्या असत्या तर त्यांतले काहीजण तरी वाचले असते, असं मला ठाम वाटतं.

शहामृगाचं मांस कमी चरबीचं असतं, हे खरं आहे. पण त्यात कोलेस्टेरॉल अजिबात नाही म्हणणारा खोटं बोलतो. तसं कुठलंच मांस नसतं. आणि मांस चांगलं असणं वेगळं, तुमच्या तालुक्यात ते किलोवर विकत घेणारं गिऱ्हाईक असणं वेगळं. सोनं गहाण ठेवून तर अजिबात नको. खाद्याची सक्ती दिसली की सही करू नका.

पुढच्या आठवड्यात आमच्याकडं या शहामृगवाल्यांची मीटिंग आहे. बोलावणं आलेल्यांनी सोबत पैसे किंवा चेकबुक नेऊ नका. गेल्या वर्षभरात मांस कुणाला विकलं त्याची बिलं मागा, आणि कत्तलखान्याचा एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेचा, परवाना. मोबाईलवरचा फोटो चालणार नाही म्हणावं, कागद हातात द्या.