एमजीबी जीटीच्या पुढच्या स्प्रिंगा: लांबीवर जाऊ नका

माझी गाडी १९७२ची एमजीबी जीटी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बंद टपाची, क्रोम बंपरवाली. आधीच्या मालकाने रंग, सीटा, डॅशबोर्ड सगळं झकास करून ठेवलंय. पण ब्रेक दाबला की गाडी नाक जमिनीला टेकवायला निघायची, आणि स्पीडब्रेकरवरून अगदी सावकाश नेली तरी पुढचे रबरी बंपस्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबली की टेकणारे ठोकळे) धाडकन लागायचे. एमजीबीत अशा वेळी आळ पहिला डँपरवर, म्हणजे शॉक अॅब्झॉर्बरवर, येतो. या गाडीला तेल भरलेले लिव्हर आर्म डँपर असतात, आणि पुढच्या बाजूला वरच्या विशबोनचं, म्हणजे चाक धरणाऱ्या वरच्या दांडीचं, कामही तेच करतात. ते तपासले, धडधाकट निघाले. राहिल्या स्प्रिंगा.

ऑनलाइन जी जोडी दिसत होती तिच्यावर लिहिलेलं: 'एमजीबी, १९६२ ते १९८०, सर्व मॉडेल'. ज्याला ही गाडी थोडी तरी माहीत आहे तो इथेच पान बंद करेल. उघड्या टपाची रोडस्टर १९६२ला आली, जीटी १९६५ला. जीटीच्या डोक्यावर लोखंडी छप्पर आणि मागे काचेचा दरवाजा, म्हणजे वजन जास्त. १९७४च्या शेवटाला अमेरिकेच्या बंपर-नियमांसाठी काळे रबरी बंपर आले आणि गाडी दीड इंच उंच केली गेली. या सगळ्यांना एकच स्प्रिंग कशी चालेल?

म्हणून बर्मिंगहॅमबाहेरच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या स्प्रिंगांच्या एका दुकानात गेले. बाहेरून बघाल तर आत जावंसं वाटणार नाही. काउंटरमागच्या वयस्क गृहस्थांनी 'कोणती गाडी' असं विचारलंच नाही, आधी चेसिस नंबर मागितला. जीएचएन म्हणजे रोडस्टर, जीएचडी म्हणजे जीटी, माझी जीएचडी-५. मग म्हणाले, जुन्या स्प्रिंगा काढून घेऊन या, नुसतं सांगून चालणार नाही.

नेल्या. त्यांनी टेप बाजूलाच ठेवला आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं माप, काढला. तारेवरचा रंग एका जागी खरवडून जाडी मोजली: साडेबारा मिलिमीटरच्या किंचित वर. जीटीच्या कारखाना-स्प्रिंगची तार ०.५४ इंच, म्हणजे पावणेचौदा मिलिमीटरच्या आसपास असते. माझ्या गाडीत रोडस्टरच्या स्प्रिंगा बसवलेल्या होत्या.

एका मिलिमीटरचं काय एवढं, असं वाटेल. पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. रोडस्टरची स्प्रिंग एक इंच दाबायला ३४८ पौंड भार लागतो, जीटीची दाबायला ४८०. वेढ्यांचा व्यास आणि संख्या दोन्हींत जवळपास सारखी, फरक सगळा तारेत.

आता गंमत बघा. मोकळी ठेवली तर रोडस्टरची स्प्रिंग ९.९ इंच आणि जीटीची ९.१. म्हणजे जड गाडीची स्प्रिंग आखूड! नुसती लांबी बघणारा माणूस आखूड स्प्रिंग पाहून म्हणणार, 'ही गाडी खाली बसवायची असणार', आणि लांब उचलणार. शिवाय गाडीत बसवल्यावरही चूक उघडी पडत नाही. जीटीच्या भाराखाली, एका स्प्रिंगवर जवळजवळ १२०० पौंड, तिची स्वतःची स्प्रिंग ६.६ इंचावर येते. रोडस्टरची त्याच भाराखाली गणिताने साडेसहा इंचांच्या आसपास येते. अंगणात उभी केलेली गाडी बघून कुणाच्या बापाला कळणार नाही. कळतं ते रस्त्यावर, खड्ड्यात. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाला कुणी तरी अशीच जोडी दिली असणार, आणि उंची बरोबर दिसली म्हणून त्यानेही मान डोलावली असणार.

नवी जोडी देण्याआधी त्यांनी दोन्ही स्प्रिंगा माझ्यासमोर दाबयंत्रावर चढवल्या, जीटीचा भार दिला आणि उंची खडूने वेढ्यावर लिहून दिली. दोन्हींत मला फरक दिसला नाही. मला दुकान आवडलं ते इथे. 'स्पोर्ट', 'कम्फर्ट' असली लेबलं लावून विकणारे खूप आहेत, किती भाराला किती उंची हे सांगणारे फार थोडे.

बसवण्याचं काम माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे झालं. एवढंच सांगते, स्प्रिंग ज्यात बसते त्या खालच्या पॅनला जॅकचा आधार न देता बोल्ट सोडायच्या भानगडीत पडू नका, त्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतका जोर असतो. गाडी आता ब्रेकला नाक खाली घालत नाही. जरा टणक झालीय, खराब डांबरावर ते जाणवतं. पण जीटी अशीच असायला हवी.

तक्रारी आहेत. फोन कुणी उचलत नाही. ऑनलाइन जोडीच्या जवळपास दुप्पट पैसे पडले. पॅकिंग म्हणजे वर्तमानपत्र आणि सुतळी, त्यामुळे नव्या रंगाला घरी पोचेपर्यंत दोन ओरखडे. मागचे कमानपाटेही बदलून टाकू का विचारलं, तर त्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं आणि विकायला साफ नकार दिला: पाटे अजून बसून सरळ झालेले नाहीत, उगाच पैसे घालवू नका. दुकानदार म्हणून वाईट, माणूस म्हणून उत्तम.

रबरी बंपरवाल्यांसाठी: 'क्रोमवाल्या गाडीच्या स्प्रिंगा द्या, गाडी खाली येईल' असं म्हणत जाऊ नका. तुमच्या गाडीत पुढचा क्रॉसमेंबरच, म्हणजे सस्पेन्शन धरणारा आडवा तुळवाच, वेगळा आहे, उंची तिथून वाढवलेली आहे. त्या गृहस्थांना हे पुन्हा पुन्हा समजावून सांगायचा कंटाळा आलाय आणि तो चेहऱ्यावर दिसतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंनी मोजून न्या. जमिनीपासून मोजलीत तर टायर मध्ये येतो.

शनिवारी अर्धा दिवस उघडं असतं. पैसे रोख न्या, कार्डाचं यंत्र कधी चालतं, कधी नाही.