माझदा आरएक्स-८ : ८० पाउंडांची कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्यावी का?

घ्यावीच. जुनी आरएक्स-८ बघायला निघाला असाल तर रंग, टायर, सर्व्हिसची कागदपत्रं सगळं मागाहून. या गाडीत रोटरी इंजिन असतं, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात. आधी अशा इंजिनांचंच काम करणाऱ्या माणसाकडून कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे इंजिन हवा किती दाबू शकतं त्याची मोजणी. मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहते. २००७ची, सहा गिअरची, २३१ पीएस ताकदीची गाडी मला पसंत पडली होती. ती मिडलंड्समधल्या एका रोटरी गॅरेजात नेऊन तपासली. ८० पाउंड लागले, काम तासाभराचं. त्या गॅरेजबद्दल आणि त्याहून जास्त तिथे मिळालेल्या आकड्यांबद्दल लिहिते आहे, कारण आकडे वाचता आले नाहीत तर पैसे देऊन उपयोग नाही.

विकणाऱ्याकडे आधीचा एक रिपोर्ट होता. कुठल्याशा साध्या गॅरेजने नेहमीच्या गेजवर घेतलेला: पुढचा रोटर ८ बार (बार म्हणजे दाबाचं माप), मागचा ७ बार, खाली 'इंजिन उत्तम' असा शेरा. या रिपोर्टला काडीची किंमत नाही. माझे मामा कोल्हापूरला उद्यमनगरात इंजिनांची कामं करतात, त्यामुळे तो गेज मी लहानपणापासून पाहिलाय. चार सिलिंडर, चार आकडे. एखादा पडलेला दिसला की त्या सिलिंडरात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. पिस्टनच्या गाडीला ही रीत चोख लागू पडते. रोटरीत मात्र प्लगच्या एकाच भोकासमोरून रोटरच्या तिन्ही बाजू एकामागून एक जातात, आणि गेजमधला एकमार्गी व्हॉल्व्ह त्यांतला सगळ्यात मोठा दाब धरून ठेवतो. एक बाजू धड असली की बिघडलेल्या दोन तिच्याआड लपतात. ऑइल सोडून बघण्यातही अर्थ नाही. या इंजिनाला व्हॉल्व्हच नाहीत, आणि ऑइलने सीलच्या, म्हणजे रोटरवरच्या दाब अडवणाऱ्या पट्ट्यांच्या, फटी तेवढ्यापुरत्या बुजून आकडा खोटा फुगतो.

रोटरीच्या टेस्टरला दाब मोजणारा सेन्सर असतो. तो प्रत्येक बाजूचा दाब वेगळा नोंदवतो आणि सोबत स्टार्टर किती आरपीएमला (मिनिटाला किती फेरे) इंजिन फिरवत होता तेही लिहितो. म्हणजे दोन रोटरचे मिळून सहा आकडे आणि दोन आरपीएम. यातला आरपीएम नसेल तर बाकीचे सहाही आकडे अधांतरी राहतात. माझदाची मर्यादा २५० आरपीएमला धरलेली आहे: चांगल्या इंजिनाला ८.३ बार, कमीत कमी ६.८. शिवाय एकाच रोटरच्या बाजूंमध्ये दीड बारपेक्षा आणि दोन रोटरांमध्ये एका बारपेक्षा जास्त फरक नको.

माझ्या हातात आलेला रिपोर्ट असा. पुढचा रोटर ७.९, ७.७, ७.८, मागचा ७.१, ६.९, ७.०. वरवर पाहता सगळे पास, एकही ६.८च्या खाली नाही. विकणारा सोबत आला होता, तो खूश झाला. पण टेस्टच्या वेळी इंजिन २८५ आरपीएमच्या आसपास फिरत होतं. जितकं जोरात फिरवाल तितका दाब जास्त येतो, कारण सीलच्या फटींतून हवा निसटायला वेळच मिळत नाही. २५० आरपीएमवर आणल्यावर पुढचा झाला ७.३, ७.१, ७.२ आणि मागचा ६.५, ६.३, ६.४. मागचा रोटर नापास.

मामांना रिपोर्टचा फोटो पाठवला. रोटरी त्यांनी कधी उघडलेली नाही, तरी त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘स्टार्टर नवा टाकलाय का गं?’ टाकलेलाच होता. दमलेल्या आरएक्स-८ची ओळखीची खूण म्हणजे गरम इंजिन बंद केल्यावर पुन्हा चालू व्हायला कुरकुरतं. जास्त वेगाने फिरवणारा स्टार्टर बसवला की ती खूण नाहीशी होते, झीज तिथेच राहते. म्हणून ‘गरम असताना झटकन स्टार्ट होते’ एवढ्यावर गाडी घेऊ नका.

कुठले आकडे पडलेत तेही बघायचं असतं, आणि हे त्या गॅरेजवाल्याने फार छान समजावलं. अपेक्स सील रोटरच्या टोकावर, दोन बाजूंच्या मधोमध बसतं. ते तुटलं की लगतच्या दोन्ही बाजूंचे आकडे पडतात आणि तिसरीचा शाबूत राहतो. एकाच बाजूचा आकडा पडला असेल तर संशय रोटरच्या सपाट अंगावरच्या साइड सीलवर. माझ्या रिपोर्टात मागच्या रोटरच्या तिन्ही बाजू सारख्याच खाली होत्या, फरक जेमतेम ०.२. म्हणजे काही तुटलेलं नाही, सगळंच झिजत आलंय, किंवा कार्बनमुळे सील खाचेत अडकलेत. कार्बन असेल तर साफ केल्यावर आकडे थोडे सुधारू शकतात. पण त्या आशेवर मागितलेली पूर्ण किंमत मोजणं मला पटलं नाही. इंजिन उघडून बांधायचं म्हणजे काही हजार पाउंड.

गॅरेजचं कौतुक यासाठी की काम मन लावून केलं. गाडी आधी चालवून पूर्ण गरम केली, बॅटरीला बूस्टर जोडला, इंधन बंद केलं, ऍक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला, आणि प्रत्येक रोटर दोनदा मोजला. इंजिन आदल्या दिवशी फ्लड झालं होतं का, म्हणजे त्यात जास्तीचं पेट्रोल साचलं होतं का, हेही विचारलं. पेट्रोलने ऑइलचा थर धुतला गेला असेल तर चांगलं इंजिनही नापास दिसतं. असं विचारणारा माणूस मिळाला की मला विश्वास वाटतो.

रिपोर्ट मात्र कच्चा आहे. मूळ आकडे ठळक छापलेत आणि २५० आरपीएमचे खाली बारीक अक्षरात. मला तोंडी समजावलं म्हणून कळलं. ज्याला हा रिपोर्ट नुसता ईमेलवर येईल तो मूळ आकडे बघून गाडी घेऊन टाकेल. २५०चेच आकडे वर हवेत. दाबाचा आलेखही जोडायला हवा, मशिनच्या पडद्यावर तो होताच.

विकणाऱ्याने किंमत उतरवायला नकार दिला, मी गाडी सोडली. त्याचं म्हणणं, ‘पण चालते तर मस्त.’ चालते खरीच, नऊ हजार आरपीएमपर्यंत जीव ओतून चालते, आणि म्हणूनच मला ही गाडी हवी आहे. पुढच्या शनिवारी डर्बीची एक बघणार आहे. फोनवर दोनच गोष्टी विचारल्या: स्टार्टर कधी बदलला, आणि टेस्टला गाडी द्याल का. टेस्टला ते तयार आहेत. ८० पाउंड पुन्हा त्याच गॅरेजला देणार.