बेस स्टेशनचा अँटेना: डायपोल, एंड-फेड की व्हर्टिकल?

हौशी (हॅम) रेडिओच्या घरच्या स्टेशनला ‘कुठला अँटेना चांगला?’ असं कुणी विचारलं की मी उलट दोन प्रश्न विचारतो. बोलायचं कुणाशी आहे? आणि वायर ताणायला जागा किती आहे? रेडिओ कुठला घेतलाय हे मी शेवटी विचारतो, कारण त्याने फारसा फरक पडत नाही.

एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) सुरुवात बहुतेकजण ४० मीटर बँडपासून (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) करतात, म्हणून तुलना त्याच बँडवर करू.

डायपोल म्हणजे मधोमध केबल जोडलेली, दोन सारख्या बाजूंची वायर. त्याचं गणित सोपं आहे. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, मीटरमध्ये लांबी मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला साधारण २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला दहा मीटर आणि वर थोडी. वायर कापताना मात्र प्रत्येक बाजूला ३० सेंटीमीटर जास्तच ठेवा. माझ्या पहिल्या डायपोलचा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं) ६.९ मेगाहर्ट्झला सर्वांत कमी दिसला. मग दोन्ही टोकं थोडी थोडी मागे दुमडत गेलो आणि प्रत्येक वेळी मोजलं. कापण्यापेक्षा दुमडणं बरं. कापलेली वायर परत जोडत बसण्याची वेळ माझ्यावर दोनदा आली आहे! मध्यभाग एकाच खांबावर उंच आणि टोकं खाली अशी इन्व्हर्टेड व्ही केली तर जागाही कमी लागते. शिवाय हाच डायपोल २१ मेगाहर्ट्झवरही बऱ्यापैकी चालतो, तो फायदा फुकटात.

डायपोलची खरी गोष्ट उंचीत आहे. सात-आठ मीटरवर टांगलेला ४० मीटरचा डायपोल बहुतांश शक्ती सरळ वर फेकतो. ती आयनोस्फिअरवरून (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) परतून चारही बाजूंना काही शे किलोमीटरवर पडते. रोजच्या नेटवर (ठरल्या वेळी रेडिओवर भरणारा कट्टा) गप्पा मारायच्या असतील तर याहून चांगलं काही नाही. पण समुद्रापार डीएक्स, म्हणजे लांब पल्ल्याचं बोलणं, हवं असेल तर अर्ध्या तरंगलांबीची उंची लागते, म्हणजे वीस मीटर. ती फार थोड्यांकडे असते.

इथे व्हर्टिकलचा, म्हणजे उभ्या अँटेनाचा, मोह होतो. पाव तरंगलांबीचा, दहा मीटर उंच, जमिनीवर जागा जवळजवळ नाहीच. शक्ती क्षितिजाच्या बाजूने जाते, त्यामुळे लांबच्या स्टेशनांना तो कमी उंचीच्या डायपोलपेक्षा चांगला पोचतो. तीनशे किलोमीटरवरचा मित्र मात्र तुम्हाला ऐकूच येत नाही म्हणेल. आणि ‘जागा लागत नाही’ हे अर्धसत्य आहे. उरलेला अर्धा अँटेना जमिनीवर पसरलेल्या वायरींचा असतो, त्यांना रेडियल म्हणतात. दोन-चार वायर टाकून भागत नाही, सोळा-वीस तरी हव्यात. इथे एसडब्ल्यूआर मीटर सगळ्यांना फसवतो. आदर्श जमिनीवर पाव तरंगाच्या व्हर्टिकलचा इम्पिडन्स (एकूण विद्युत अडथळा) ३६ ओहमच्या आसपास असतो. जमीन वाईट असली की तिचा पंधरा-एक ओहम रोध त्यात मिळून बेरीज रेडिओला हव्या असलेल्या पन्नासच्या जवळ जाते आणि मीटर खूश होतो, पण तुमची वीज माती तापवत असते. रेडियल वाढवल्यावर एसडब्ल्यूआर १.४ वर गेला तर घाबरू नका, अँटेना सुधारलाय.

शिवाय गोंगाट. आसपासच्या चार्जर आणि एलईडी दिव्यांची खरखर व्हर्टिकलवर सहसा जास्त येते. माझ्याकडे डायपोलवर एस-४ (रेडिओच्या मीटरवरचं सिग्नलच्या ताकदीचं माप) असलेला गोंगाट व्हर्टिकलवर एस-७ होता. एस-५ चा डीएक्स त्यात केव्हाच बुडून जातो.

एंड-फेड हाफवेव्ह हा जागा अडचणीची असणाऱ्यांचा अँटेना. वीस मीटरची एकच वायर, एका टोकाला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर (वायरच्या टोकाचा मोठा इम्पिडन्स पन्नास ओहमच्या जवळ आणणारा), आणि ४०, २०, १५, १० मीटर असे चार बँड. खिडकीतून बाहेर काढून झाडापर्यंत नेली की झालं. मात्र कोएक्सवर (रेडिओ आणि अँटेना जोडणारी केबल) चोक (केबलच्या बाहेरून रेडिओकडे परतणारा प्रवाह अडवणारा) लावायचा आळस करू नका. मी केला होता. मायक्रोफोनला ओठ लागला की चुरचुरायचं आणि ट्रान्समिट करताच कॉम्प्युटरचा कीबोर्ड बंद पडायचा. चोकनंतर दोन्ही थांबलं. एफटी-८ सारख्या डिजिटल मोडवर (कॉम्प्युटरने संदेश पाठवायची पद्धत) पूर्ण शक्ती देऊ नका, छोटा ट्रान्सफॉर्मर हात लावता येणार नाही इतका तापतो.

माझा कौल: दोन आधार मिळत असतील किंवा मधोमध एक खांब उभा राहत असेल तर डायपोल. एकाच बाजूने वायर नेता येत असेल तर एंड-फेड. व्हर्टिकल फक्त डीएक्सचं वेड असेल आणि रेडियल पुरायला मोकळी जमीन असेल तरच. यागी (एका दिशेला रोख असलेला, अनेक दांड्यांचा अँटेना) आणि तो फिरवणाऱ्या रोटेटरचा विचार पहिल्या वर्षी नकोच. वीस मीटर बँडच्या यागीचा एकेक एलिमेंट दहा मीटरचा असतो, तो पेलणारा टॉवर हे वेगळंच काम आहे.

व्हीएचएफचा (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) हिशेब वेगळा. रिपीटरवर (सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं उंचावरचं स्टेशन) एफएम बोलायचं तर उभा अँटेना, कोलिनियर किंवा घरी केलेला जे-पोल, आणि तो जमेल तितका उंच. इथे पैसे अँटेनाऐवजी कोएक्सवर घाला. १४५ मेगाहर्ट्झला २५ मीटर आरजी-५८ या बारीक कोएक्समध्ये पाचेक डेसिबल जातात. ५० वॅट पाठवले तर वर जेमतेम सोळा-सतरा पोचतात. तेवढ्याच लांबीच्या जाड आरजी-२१३ मध्ये तीस वॅट तरी पोचतात. ७ मेगाहर्ट्झला मात्र त्याच आरजी-५८ ने जेमतेम एक डेसिबल खाल्ला असता, म्हणून एचएफच्या डायपोलला ती बिनधास्त लावा.

कुठलाही अँटेना निवडा, विजेच्या तारांपासून तो इतका लांब हवा की खांब कोसळला तरी तारेला लागणार नाही. आणि ढग गडगडू लागले की कोएक्स रेडिओतून काढून बाहेर टाका.