१६ जणांचा रेफ्यूज चेंबर विदर्भाच्या खाणीत नेमका किती जणांचा?

दारावर पाटी असते: १६ व्यक्ती, ९६ तास. सावनेर, सिल्लेवाडा, बल्लारपूर, वणी या पट्ट्यातल्या भूमिगत कोळसा खाणीसाठी असा चेंबर, म्हणजे आग-स्फोटात अडकलेल्यांनी शिरून सुटकेची वाट पाहायची बंद पेटी, बघायला जाल, तर सगळ्यात आधी या पाटीवरच बोट ठेवा. हे परीक्षण एखाद्या कंपनीचे नाही. स्किडवर (ओढून नेता येणाऱ्या पायांवर) बसवलेली स्टीलची पेटी, पुढे एअरलॉक (दोन दारांमधली छोटी खोली), आत ऑक्सिजनचे सिलिंडर, सोडा लाइम (श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे), पाणी आणि कोरडे अन्न, या घडणीच्या चेंबरचे ते आहे. सोबत येणाऱ्या तपासणी रजिस्टरचेही आहे. पेटी वर्षानुवर्षे बंद राहते आणि आत काय स्थिती आहे ते रजिस्टरच सांगते, म्हणून दोन्ही एकत्र पाहिले.

आमचे मत आधीच सांगतो. लोखंडकाम घेण्यासारखे. ऑक्सिजनचा हिशेब जुळतो, पण सिलिंडर स्वतः मोजून घ्यावे लागतात. एअरलॉकची हवा बहुतेक वेळा अपुरी पडते. उष्णतेत चेंबर नापास. रजिस्टर तर पुन्हा आखून घ्यावे लागते.

९६ तासांचा आकडा अमेरिकेतून आला. २ जानेवारी २००६ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या सॅगो खाणीत स्फोट झाला. १३ जण अडकले, त्यांतला एकच जिवंत निघाला. बहुतेकांनी कापडी पडद्याचा आडोसा करून वाट पाहिली आणि कार्बन मोनॉक्साइडने ते गेले. बचाव पथक पोहोचेपर्यंत चाळीस तास उलटले होते. त्यानंतर कायदा झाला आणि २००८ च्या अखेरीस चेंबरचे नियम आले: माणशी ९६ तासांचा श्वास, १५ पीएसआय (सुमारे एक बार) स्फोटदाब सोसणारी भिंत, फेसपासून (कोळसा कापायच्या जागेपासून) १,००० फुटांच्या आत जागा. पाटीवरचे आकडे याच नियमांतले असतात. आपल्याकडेही आगीच्या वायूने माणसे गेली आहेत. २५ जानेवारी १९९४ ला बंगालच्या राणीगंज पट्ट्यातल्या न्यू केंदा खाणीत ५५ कामगार मेले. कोळसा आपोआप तापण्याची खोड वर्धा खोऱ्यालाही आहे, तेव्हा गरज खरीच आहे.

आता मोजमाप. अमेरिकी नियमात माणशी १५ चौरस फूट जमीन आणि उंच सीममध्ये (कोळशाच्या थरात) ६० घनफूट जागा लागते. १६ जणांना सुमारे २२ चौरस मीटर आणि २७ घनमीटर. दोन मीटर रुंद पेटी धरली तर लांबी ११ मीटर होते. आपल्या बोर्ड अँड पिलर खाणीत (कोळशाचे खांब सोडून खोदलेल्या) गॅलरी, म्हणजे बोगदा, साधारण ४.८ मीटर रुंद. काटकोनात मिळणाऱ्या अशा दोन गॅलऱ्यांच्या वळणातून दोन मीटर रुंदीची ताठ पेटी जास्तीत जास्त ९.६ मीटर लांबीची निघते. तीही कोपऱ्यात प्रॉप (छताचा टेकू), पाइप, केबल काही नसेल तर. म्हणजे ११ मीटरची पेटी इनक्लाइनच्या (खाणीत उतरणाऱ्या तिरक्या वाटेच्या) तोंडातून आत जाईल आणि पहिल्याच वळणावर अडकून बसेल. दोन तुकड्यांत बोल्टने जोडायची पेटी मागा, नाहीतर स्टीलच्या खोक्यातून तंबू फुगणारा प्रकार घ्या. तंबू जागा कमी खातो, पण गॅलरीची जमीन साफ नसेल, छतातून ढलप्या पडत असतील, तर फाटायची भीती राहते. आमची पसंती तुकड्यांच्या पेटीला. जोडाच्या फ्लँजवरचा गॅस्केट मात्र सुटा विकत मिळतो का, ते ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या.

ऑक्सिजन माणशी ताशी १.३२ घनफूट, म्हणजे ३७ लिटरच्या वर. १६ जण, ९६ तास: ५७ घनमीटर. आपल्याकडच्या जम्बो सिलिंडरमध्ये १५० बारला सुमारे ७ घनमीटर असतो. म्हणजे नऊ सिलिंडर. आठ दिले असतील तर पाटी खोटी. फ्लोमीटरवर १६ जणांसाठी मिनिटाला १० लिटर लावायचे. सहाच जण पोहोचले आणि नॉब १० वरच राहिला, तर ऑक्सिजन २३ टक्क्यांवर चढत जातो आणि घामाने भिजलेला कपडाही भडकायला तयार होतो. म्हणून फ्लोमीटरशेजारी माणसांची संख्या आणि लिटर यांचा तक्ता हवाच, तोही मराठी-हिंदीत. पुरवठादाराची इंग्रजी चिकटपट्टी अंधारात, धुराने डोळे चुरचुरत असताना लोडरला (कोळसा भरणाऱ्या कामगाराला) काय सांगणार? एक धोक्याचा मुद्दा: ऑक्सिजनच्या फिटिंगला ग्रीस किंवा तेलाचा हात लागता कामा नये. वर्कशॉपचा माणूस सवयीने थ्रेडला ग्रीस चोपडतो. त्या जागी ऑक्सिजनचा दाब आला की पेट घेऊ शकतो. पेटीसाठी पान्ह्यांचा वेगळा, पुसून कोरडा ठेवलेला संच हवा. सिलिंडरच्या खांद्यावर हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने घेतलेल्या चाचणीची) तारीख कोरलेली असते, ती वाचून घ्या. सिलिंडरचे परवाने देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे, परवान्याचे कागद तपासायला लांब जावे लागत नाही.

सोडा लाइमचा हिशेब बहुतेक ठिकाणी कागदी असतो. माणूस ताशी सुमारे ३० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. १६ जणांचे ९६ तासांत ४७ हजार लिटर होतात. शंभर ग्रॅम सोडा लाइम जास्तीत जास्त २६ लिटर शोषतो हे पुस्तकी गणित, म्हणजे १८१ किलो. पण प्रत्यक्षात १० ते २० लिटरच हाती लागतात, कारण सगळ्या दाण्यांतून हवा सारखी जात नाही आणि दाणे वाळले की काम मंदावते. आमच्या हिशेबाने ३०० किलोच्या खाली मान्य करू नये. हेच काम करणाऱ्या लिथियम हायड्रॉक्साइडच्या पडद्यांना वजन बरेच कमी लागते, पण त्याची धूळ घशाला आणि डोळ्यांना झोंबते. पडदा उलगडताना फाटला तर बंद पेटीत ती धूळ सोसणे कठीण. आमचे मत सोडा लाइम आणि ब्लोअर. ब्लोअरची बॅटरी खाणीत चालण्यासाठी मंजूर, ठिणगी न टाकणारी असावी, आणि बॅटरी संपली तर हाताने फिरवायचा दांडा असावा. दाणे जांभळे झाले म्हणजे संपले, एवढेच लोकांना शिकवले जाते. पण वापरलेले दाणे काही तास पडून राहिले की रंग पुन्हा फिका पडतो. म्हणून डबा फोडल्याची वेळ खडूने डब्यावर लिहिणे हाच पक्का नियम.

एअरलॉकमध्ये बहुतेक पेट्या हरतात. धुरातून आलेली माणसे कपड्यांसोबत आणि दार उघडताना कार्बन मोनॉक्साइड आत आणतात. तो ४०० पीपीएमवरून (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग) २५ वर आणायचा असतो. सोळापट पातळ करायला एअरलॉकच्या घनफळाच्या २.७७ पट हवा सोडावी लागते. एअरलॉक ३ घनमीटरचा असेल तर एका वेळी ८.३ घनमीटर, एका सिलिंडरहून जास्त. १६ माणसे तीन खेपांत आत आली तर २५ घनमीटर, म्हणजे ऑक्सिजनखेरीज हवेचे चार सिलिंडर. पेटीवर दोनच लटकलेले दिसले, तर दुसऱ्या खेपेच्या मध्यातच हवा संपते आणि तिसरी खेप आत घेतली की विष आत येते. विक्रेत्याला हा एकच प्रश्न विचारा, समोरचा किती पाण्यात आहे ते कळेल.

आणि आता उष्णता. माणसाच्या अंगातून साधारण ११७ वॅट उष्णता निघते. सोडा लाइमच्या रासायनिक क्रियेतून माणशी आणखी सुमारे ४० वॅट. १६ जणांचे मिळून अडीच किलोवॅट, जणू पेटीत दोन शेगड्या चार दिवस अखंड जळत आहेत. ही उष्णता पत्र्यातून खडकात जायला हवी. वेस्ट व्हर्जिनियात खडक १३ अंशांच्या आसपास असतो, तो ओढून घेतो. आपल्याकडे वर्षभराच्या हवेची सरासरीच २७ अंशांच्या घरात आहे, आणि उथळ खाणीचा खडक तिच्याहून गार असायला कारण नाही. त्यात घाम आणि श्वासाने आर्द्रता ९५ टक्के होते. जूनच्या शेवटी पहिला पाऊस पडून गेला की बंद खोलीत कूलर लावून बसल्यावर अंग कसे चिकचिकते, घाम वाळतच नाही, ते विदर्भात कोणाला सांगायला नको. अमेरिकी नियम म्हणतो, जाणवणारे तापमान ३५ अंशांवर जाऊ नये. ९५ टक्के आर्द्रतेत ते थर्मामीटरच्या २८ अंशांच्या आसपासच गाठले जाते. म्हणजे आपल्या खडकात रिकाम्या पेटीचाच आकडा मर्यादेला टेकलेला. आपल्या नियमातली ओल्या बल्बची (ओले फडके गुंडाळलेल्या थर्मामीटरची) ३३.५ अंशांची मर्यादा धरली, तरी हातात सहा-एक अंशच उरतात. गारव्याची सोय नसलेल्या पेटीवर इथे १६ चा आकडा टिकत नाही. खाणीतल्या खऱ्या तापमानावर केलेली चाचणी पुरवठादार दाखवेपर्यंत आम्ही ती निम्म्या माणसांचीच धरू, आणि पाणी माणशी रोज २ लिटरऐवजी ४ लिटर भरू. चाचणी वरच्या वर्कशॉपच्या शेडमध्ये घ्यावी: माणशी एक ड्रम, त्यात ११७ वॅटचा हीटर आणि ठिबकते पाणी, शेड २८ अंशांवर, पेटी बंद, तासातासाला ओल्या बल्बची नोंद. पूर्ण ९६ तास. खाली सीममध्ये हीटर नेण्याचा विचारही नको.

खाण उथळ असेल, शंभर-दीडशे मीटरची, तर पैसा पेटीपेक्षा बोअरवर घालावा असे आमचे ठाम मत आहे. संत्र्याच्या बागेसाठी पाचशे-सहाशे फूट बोअर मारणाऱ्या गाड्या काटोल-वरूडकडे काही नवीन नाहीत. राइजच्या (उताराच्या वरच्या) बाजूच्या एका क्रॉसकटला (दोन गॅलऱ्या जोडणाऱ्या आडव्या वाटेला) दोन पक्क्या स्टॉपिंग (आडभिंती), मध्ये खोली, वरून केसिंग पाइप टाकलेला बोअर. माणशी मिनिटाला १२.५ घनफूट हवा धरली तर १६ जणांना २०० सीएफएमचा (मिनिटाला २०० घनफूट) कॉम्प्रेसर पुरतो, रस्ता फोडायला वापरतात तसा, फक्त श्वासाला योग्य फिल्टर लावून. ताजी हवा सतत येत राहते, म्हणून उष्णता आणि सोडा लाइम दोन्ही प्रश्न हलके होतात. त्याच बोअरमधून आवाज जातो, पाणी जाते. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये राणीगंजच्याच महाबीर खाणीत पाणी शिरले, तेव्हा बोअर पाडून, कॅप्सूल सोडून ६५ जणांना जिवंत वर काढले होते. बोअर मात्र गोफवर (कोळसा काढून कोसळू दिलेल्या जागेवर) किंवा जुन्या, पाणी भरलेल्या कामावर उतरता कामा नये, म्हणून सर्व्हेअरचा नकाशा अद्ययावत हवा. आणि पाण्याचा धोका असलेल्या डिपच्या (उताराच्या खालच्या) बाजूला ना पेटी ठेवावी ना खोली बांधावी. ही पेटी पाण्याखाली राहण्यासाठी बनवलेलीच नाही.

रजिस्टरबद्दल. सोबत येते ती सुट्या कागदांची फाइल, 'ठीक / ठीक नाही' अशा दोन रकान्यांची. ती परत करा. पाने क्रमांकित, शिवलेली वही घ्या आणि आकड्यांचे रकाने आखा: प्रत्येक सिलिंडरचा क्रमांक आणि बार, आतले तापमान, डब्यांची मोजणी आणि सीलचा क्रमांक, गॅस डिटेक्टर नमुना वायू दाखवून वाजला का, दाराच्या रबरावर कोळशाची भुकटी होती का. 'वरीलप्रमाणे' हा शब्द त्या वहीत आला की पान बाद.

खोटी नोंद पकडायची सोपी रीत आहे. बंद सिलिंडरचा दाब तापमानाबरोबर हलतो. इनटेकमधली (बाहेरची हवा आत येणाऱ्या वाटेवरची) पेटी डिसेंबरात २० अंशांना १५० बार दाखवत असेल, तर मे महिन्यात ३५ अंशांना ती १५७-१५८ दाखवायला हवी. वर्षभर नऊच्या नऊ सिलिंडरपुढे १५० लिहिलेले असेल, तर पेटीचे दार कोणी उघडलेलेच नाही. गळतीही अशीच लपते. आठवड्याला एक बार कमी होत असेल तर रोजच्या काट्यावर दिसत नाही, पण वर्षात सिलिंडरचा तिसरा भाग गेलेला असतो. म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेचे आकडे तापमानासकट आलेखाच्या कागदावर टिपा. रेघ खाली कलली की साबणाच्या पाण्याऐवजी ऑक्सिजनसाठी मंजूर गळती-शोधक द्रव घ्या.

शेवटचा रकाना फोनचा. सरदाराने (पाळीत सुरक्षेची तपासणी करणाऱ्याने) पेटीतल्या फोनवरून वर फोन लावायचा आणि वेळ लिहायची. वर ज्याने उचलला त्यानेही आपल्या वहीत तीच वेळ लिहायची. पिट सेफ्टी कमिटीच्या (खाणीच्या सुरक्षा समितीच्या) बैठकीत दोन्ही वह्या शेजारी ठेवून तारखा जुळवा. एका वहीत फोन असेल आणि दुसरीत नसेल, तर त्या दिवशीची बाकीची नोंदही पुन्हा तपासायला घ्या.