व्हिपेट की कारवानी: वावरात कोण टिकतं?

वावरात पळणारं कुत्रं ठेवायचं मनात असेल, तर प्रश्न बहुधा याच दोघांवर येऊन थांबतो. एक इंग्लंडचा व्हिपेट, दुसरा आपल्या दख्खनचा कारवानी, ज्याला कर्नाटकाकडे मुधोळ म्हणतात. दोघंही नाकापेक्षा नजरेवर काम करतात, दोघांचीही छाती खोल आणि पोट आत गेलेलं. मी दोन्ही पाळली आहेत. शिकारी कामाला व्हिपेट कितपत कणखर आहे, याचं उत्तर इथल्या काळ्या जमिनीला आणि इथल्या कुंपणांना धरूनच द्यावं लागतं.

त्याआधी काम कोणतं, ते ठरवून घ्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पाठलाग, हाकणं, पकडणं आणि त्यांचा नुसता प्रयत्न, हे सगळं त्या व्याख्येत बसतं. ससा, रोही (नीलगाय) किंवा रानडुकराच्या मागे कुत्रं सोडलं की गुन्हा झाला, मग वावर स्वतःचं का असेना. त्यामुळे आपल्याकडे या कुत्र्यांना उरलेली कामं तीन: कुंपणाच्या आत राखण, गोदाम-गोठ्यातले उंदीर आणि घुशी, आणि मोकळ्या रानात दोरीला बांधलेल्या चिंधीमागे पळणं. कणखरपणा मोजायचा तो या कामांवर.

चिंधीमागे पळण्यात व्हिपेटला तोड नाही, आणि ते साहजिक आहे. उत्तर इंग्लंडच्या खाणकामगारांनी हा कुत्रा वाढवला तोच मुळी त्यासाठी. मालक दुसऱ्या टोकाला उभा राहून फडकं हलवायचा आणि कुत्री साधारण १८० मीटर सरळ धावत त्याच्याकडे जायची. त्याशिवाय बिळातले ससे पकडून घरच्या हंडीत मांस आणायचं कामही तो करायचा. तिथल्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, १८९१ मध्ये या जातीला मान्यता दिली. उभ्या जागेवरून पहिल्या चार-पाच ढांगांत तो जो वेग घेतो, तो कारवानीला घेता येत नाही. गोदामात कट्ट्यांच्या थप्पीमधून निसटणारी घूस पकडायला हीच चपळाई लागते. तिथे कारवानीचं लांबलचक अंग आडवं येतं, वळायला जागा पुरत नाही. घरात लेकरं असतील, तर व्हिपेटइतकं निवांत कुत्रं शोधून सापडणार नाही. खाणंही कमी. तेरा-चौदा किलोचा व्हिपेट आणि पंचवीस किलोचा कारवानी यांच्या खुराकात साधारण दीडपटीचा फरक पडतो.

एवढं असूनही वावरासाठी माझा कौल दुसरीकडे जातो, आणि कारण एकच आहे: व्हिपेटची कातडी.

ती पातळ असते, खाली चरबीचा थर नसल्यासारखाच, वर केस आखूड. मांडीवर आणि बरगडीमागे चिमटीत धरली तर कापडासारखी उचलली जाते. अशी कातडी काट्याला अडकली की छिद्र पडून थांबत नाही, सरळ फाटत जाते. तारेच्या टोकाने झालेली जखम बहुतेक वेळा तिकोनी असते. रक्त फारसं येत नाही, कातडीचा पदर लोंबतो आणि आतला लाल स्नायू उघडा दिसतो. रक्त नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये पिशवीसारखी पोकळी झालेली असते. तिच्यात माती, तुसं आणि केस शिरतात, दोन दिवसांत पाणी साचतं आणि टाके घातले तरी ते उसवतात.

तारच अंगाला का लागते, तेही समजून घ्या. नजरेवर पळणारं कुत्रं हलत्या वस्तूवर डोळा रोखून धावतं. ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगात ते सेकंदाला जवळपास चौदा मीटर कापतं. अशा वेळी गंजलेली बारीक तार त्याला दिसतच नाही, आणि दिसली तर थांबायला वेळ नसतो. आपल्या धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) कुंपणाची खालची तार गुडघ्याच्या आसपास असते. पन्नास सेंटिमीटर उंचीचा व्हिपेट तिच्याखालून घुसायला बघतो आणि पाठीपासून कमरेपर्यंत चिरतो. सत्तर सेंटिमीटरचा कारवानी बहुधा वरून उडी घेतो. लागलं तर मांडीला लागतं, पण त्याची कातडी थोडी जाड आणि चिवट असल्याने ओरखड्यावर निभावतं. माझ्या पाहण्यात जिथे कारवानीला जखम धुऊन मलम लावण्यावर भागतं, तिथे व्हिपेटला टाके पडतात. कुणाचा अनुभव वेगळाही असू शकेल, पण फरक डोळ्यात भरण्यासारखा आहे.

तार हे एकच संकट नाही. तूर कापल्यावर वावरात तिरपे खुंट उभे राहतात. सोयाबीनची काडी बारीक असली तरी टोकदार असते, आणि धुऱ्यावर बोराटी-बाभूळ असतेच. व्हिपेटच्या बोटांमधली नाजूक त्वचा तिथे फाटते. पुढच्या पायाचं अंगठ्याचं नख काळ्या मातीच्या भेगेत किंवा खुंटात अडकून मुळापासून उखडतं. दुखणं लहान, पण कुत्रं दोन-तीन आठवडे जायबंदी. म्हणून रोज संध्याकाळी चारही पाय उचलून बोटांच्या बेचक्यात बोट फिरवून गोखरू काढावेच लागतात. कारवानीचे पायही बघावे लागतात, पण चुकून एखादा दिवस राहिला तरी लगेच लंगडत नाही.

इंग्लंडातही काट्याकुट्यात काम करणारी माणसं शुद्ध व्हिपेटवर विसंबत नाहीत. बेडलिंग्टन टेरियर या तिथल्या चिवट शिकारी जातीशी तो जुळवून संकर काढतात, जेणेकरून अंगावर राठ केस येतील आणि चिवटपणा वाढेल.

जखम झाली तर काय करायचं, ते आधी माहीत असावं. एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात नऊ ग्रॅम मीठ विरघळवा आणि सुईशिवायच्या मोठ्या पिचकारीने जखमेच्या आतपर्यंत मारा. हळद, राख, कापूस जाळून केलेली काजळी, यातलं काहीही आत भरू नका. ते काढता काढता डॉक्टरांचा अर्धा वेळ जातो आणि जखम भरतही नाही. ओलं स्वच्छ सुती फडकं सैल गुंडाळा आणि सहा-आठ तासांच्या आत टाके घालून घ्या. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात आणि तोवर कुत्रं बांधूनच ठेवावं लागतं.

भूल देण्याआधी डॉक्टरांना जात आठवणीने सांगा. थायोपेंटोनसारखी जुनी भूल या सडपातळ कुत्र्यांच्या शरीरातून फार सावकाश उतरते, कारण औषध साठवून घ्यायला चरबी नसते आणि यकृतही ते हळू मोडतं. बाकीची कुत्री उठून बसतात तेव्हा ही अजून पडूनच असतात आणि अंग गार पडत जातं. ही गोष्ट कारवानीलाही लागू आहे. फरक इतकाच की व्हिपेटवर ती वेळ जास्त वेळा येते, आणि तालुक्याच्या दवाखान्यात रात्री कुणी भेटेलच असं नसतं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. उंचीचा फायदा कारवानीला आहे. हरभऱ्यात तो मान वर करून पाहू शकतो, व्हिपेट बुडतो. सोयाबीन, पऱ्हाटी (कपाशी) आणि तुरीत तर दोघांचाही उपयोग नाही, कारण दिसलं नाही तर ही कुत्री पळत नाहीत. थंडीत जागलीला व्हिपेटला झूल घालावीच लागते, नाहीतर पहाटे तो कुडकुडत खाटेखाली शिरतो. कारवानीला गोणपाटावर झोपवलं तरी निभतं. उन्हाळा दोघांनाही जड. पारा ४५च्या पुढे गेल्यावर पळवणं फक्त सूर्य उगवायच्या आत, आणि तेही एक-दोन दौडी. धाप थांबत नसेल, लाळ चिकट झाली असेल, पाय लटपटत असतील तर लगेच सावलीत नेऊन पोट, जांघा आणि सगळं अंग पाण्याने भिजवा, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

राखणीचं सांगायचं तर व्हिपेट भुंकतच नाही म्हटलं तरी चालेल. रोही कुंपणाला टेकले तरी तो नुसता कान टवकारतो. कारवानी गुरगुरतो, भुंकतो, परक्याला जवळ येऊ देत नाही. तरी रात्रीच्या भुंकण्याला गावठीला पर्याय नाही. एक गावठी जोडीला ठेवलाच पाहिजे. आणि रानडुकराच्या अंगावर दोघांपैकी कुणालाही जाऊ देऊ नका. सुळा लागला की पोट फाटतं, मग जात कोणतीही असो. बिबट्याचा वावर असेल, तर रात्री कुत्रं बाहेर बांधूच नका, बंद गोठ्यात घ्या.

कारवानीतही खोट आहे. तो अंगाला हात लावू देत नाही, म्हणून इंजेक्शनच्या वेळी तोंड बांधावं लागतं. आवाज चढवला की मनात धरून बसतो. लहानपणापासून माणसांत, बंडीच्या आवाजात आणि ढोरांत फिरवला नाही, तर मोठेपणी बुजरा होतो आणि बुजरं कुत्रं चावतं. शिवाय बाजारात बारीक चणीचा कारवानी व्हिपेट म्हणून विकला जातो, तेव्हा कान पाहून घ्या. व्हिपेटचे कान छोटे, मागे दुमडलेले असतात. कारवानीचे लोंबते आणि गालाला चिकटलेले. व्हिपेटची कंबर कमानीसारखी वर उचललेली दिसते, कारवानीची पाठ जास्त सपाट आणि कमरेची हाडं एकमेकांपासून लांब व ठळक.

तरीही व्हिपेटच हवा असेल, तर आधी कुंपण बदला. खालच्या दोन काटेरी तारा काढून तिथे जाळी लावा. तेवढा खर्च झेपत नसेल, तर डुकरांसाठी बांधतो तशा जुन्या साड्या कुत्र्याच्या नजरेच्या उंचीवर ताणून बांधा. रंगीत आडवी पट्टी त्याला लांबून दिसते आणि तो वळतो. झटका मशीनच्या तारेला मात्र व्हिपेट एकदा शिवला की त्या धुऱ्याकडे पुन्हा फिरकत नाही. गोदामात घुशींवर सोडणार असाल, तर झिंक फॉस्फाईडचं आमिष आधी उचला. विष खाऊन मेलेली घूस कुत्र्याने गिळली तर तेच विष त्याच्या पोटात वायू सोडतं. फवारलेल्या पऱ्हाटीतूनही त्याला काही दिवस नेऊ नका, तो अंग चाटतो.

कारवानी घ्यायचा ठरला, तर पिल्लू दिवाळीच्या सुमारास आठ आठवड्यांचं होईल असं बघा. आई-बाप दोन्ही मोकळ्यावर पळताना पाहून घ्या आणि आई परक्या माणसासमोर कशी वागते, त्याकडे लक्ष द्या. लसीचे डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी, रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. थंडीचे महिने ते माणसांत आणि ढोरांत वावरतं, वर्षाचं होईपर्यंत जोराने पळवायचं नाही, आणि पुढच्या हरभऱ्याच्या हंगामात रान मोकळं व्हायला लागतं तेव्हा त्याची हाडं पळायला तयार झालेली असतात.