लहान फोन घ्यायचा तर: नवा स्वस्त की जुना उंची?

एका हाताने वापरता येईल असा फोन ज्यांना हवा आहे आणि त्यासाठी फार पैसे मोजायची ज्यांची तयारी नाही, त्यांच्यापुढे सध्या दोनच वाटा उरल्या आहेत. एक म्हणजे फारशा परिचित नसलेल्या एखाद्या कंपनीचा नवा, स्वस्त, छोटा फोन. दुसरी म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वी उंची समजला जाणारा आणि आता वापरलेला मिळणारा छोटा फोन. मोठ्या कंपन्यांनी या आकाराकडे जवळजवळ पाठ फिरवली आहे. सोनीच्या ‘कॉम्पॅक्ट’ नावाच्या मालिकेत २०१८ नंतर नवा फोन आला नाही, आणि ॲपलने २०२० व २०२१ साली ५.४ इंची ‘मिनी’ काढून पाहिल्यावर २०२२ साली त्या जागी मोठा ‘प्लस’ आणला. मी दोन्ही वाटांनी जाऊन आलो आहे. माझ्या दोन्ही फोनांची नावे येथे मुद्दाम देत नाही, कारण ज्या गोष्टीवरून माझा निर्णय झाला ती एखाद्या कंपनीपेक्षा त्या किमतीच्या फोनांशी अधिक निगडित आहे, असे मला वाटते.

आकाराबद्दल एकच गोष्ट सांगून पुढे जातो. जाहिरातीतला इंचाचा आकडा हा पडद्याच्या कर्णाचा असतो, आणि हाताला मात्र फोनची रुंदी कळते. ४.७ इंची पडद्याचा आयफोन एसई (२०२२) ६७.३ मिलिमीटर रुंद आहे, तर ५.४ इंची पडद्याचा १३ मिनी ६४.२ मिलिमीटर, म्हणजे कागदावर मोठा दिसणारा फोन मुठीत प्रत्यक्षात लहान आहे. मराठीत टंकलेखन करणाऱ्यांनी याची उलट बाजूही लक्षात घ्यावी. देवनागरी कळफलकावर एका ओळीत इंग्रजीपेक्षा जास्त कळा बसवाव्या लागतात, त्यामुळे ६५ मिलिमीटरच्या आत आले की ‘ष’ हवा असताना ‘श’ उमटणे आणि जोडाक्षराच्या मधला हलन्त निसटणे हे रोजचेच होते. माझ्या दोन्ही फोनांत हा त्रास सारखाच होता, म्हणून तो तुलनेतून वगळतो.

नव्या स्वस्त फोनची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखरच भक्कम आहे. पहिले वर्षभर मी सकाळी फोन चार्जरवरून काढत असे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चार्जरची आठवण येत नसे. जुन्या उंची छोट्या फोनांची बॅटरी मुळातच बेताची असते. सॅमसंगच्या एस१०ईमध्ये ती ३१०० मिलिअँपिअर-तासांची होती आणि गूगलच्या मध्यम किमतीच्या पिक्सेल ४एमध्येही ३१४०, आणि तेही फोन कोरा असताना. माझ्या नव्या फोनची बॅटरी याहून बरीच मोठी होती; त्यापायी तो थोडा जाड झाला होता, पण त्या जाडीमुळे पकड उलट चांगली बसत असे. शिवाय वॉरंटी, हेडफोनचे भोक आणि मेमरी कार्डाची जागा या तिन्ही गोष्टी होत्या. कॅमेरा दिवसा कामापुरता होता, आणि संध्याकाळनंतर त्याच्याकडून अपेक्षा न ठेवलेली बरी.

एवढे असूनही तो फोन मी वर्षभरानंतर ठेवून दिला, आणि त्याचे कारण वैशिष्ट्यांच्या कोणत्याही यादीत ठळकपणे सापडणार नाही. फोन कानाला लावल्यावर त्याचा पडदा बंद होत नसे. किंवा नेमके सांगायचे तर कधी होत असे आणि कधी नसे. आत्या फोनवर तिच्या घरातली एक नाजूक गोष्ट सविस्तर सांगत होती आणि शेवटी तिने माझे मत विचारले. मी माझ्या परीने समजुतीचे चार शब्द बोललो, पलीकडून दोनदा ‘हॅलो’ आले आणि फोन बंद झाला. पडद्याकडे पाहिले तेव्हा कळले की गालाने म्यूटचे बटण केव्हाच दाबले होते आणि माझे चारही शब्द माझ्यापाशीच राहिले होते. मी मुद्दाम गप्प बसलो, असा तिचा समज झाला तो दूर करायला पुढे दोन फोन करावे लागले, आणि त्यांतला एक गालानेच होल्डवर टाकला. एकदा तर साधा कॉल व्हिडिओ कॉलमध्ये बदलून कार्यालयातल्या वरिष्ठांना माझ्या कानाचे दर्शन घडले. फोन छोटा असल्यामुळे त्याचा बहुतेक पडदा गालाखाली येतो, त्यामुळे हा दोष मोठ्या फोनपेक्षा येथे अधिक नडतो, असा माझा अंदाज आहे.

याचे मूळ प्रॉक्सिमिटी सेन्सरमध्ये आहे. चांगल्या फोनमध्ये पडद्याच्या वरच्या कडेला एक छोटा अवरक्त दिवा आणि परतलेला प्रकाश टिपणारा संवेदक असतो. काहीही जवळ आले की प्रकाश परत फिरतो आणि पडदा मिटतो. खर्च आणि जागा वाचवण्यासाठी अनेक स्वस्त फोनांत हा भागच नसतो. त्याऐवजी कानाजवळच्या स्पीकरमधून आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी सोडून मायक्रोफोनने त्याचा प्रतिध्वनी टिपायचा आणि जोडीला फोन उचलल्याच्या हालचालीवरून अदमास बांधायचा, अशी सॉफ्टवेअरची युक्ती वापरतात. उभ्याने बोलताना ती बहुधा चालते, पण आडवे पडून किंवा मान वाकडी करून खांद्यात फोन धरला की तिचा गोंधळ उडतो, असा माझा अनुभव आहे. मी काही महिने कॉल लागताच पॉवरचे बटण दाबून पडदा स्वतःच बंद करण्याची सवय लावून घेतली होती. मात्र कॉल संपवताना पुन्हा बटण, पुन्हा पडदा, आणि तोवर पलीकडच्या माणसाला माझे उसासे ऐकू जात.

विकत घेण्यापूर्वी हे तपासणे सोपे आहे. फोन टेबलावर सपाट ठेवून कोणताही कॉल लावावा, स्पीकर बंद ठेवावा आणि फोन न हलवता त्याच्या वरच्या कडेवर तळहात आणावा. पडदा लगेच मिटला तर खरा सेन्सर असण्याची शक्यता दाट आहे. नाहीतर आपल्याला फोन कानाला लावून बोलण्याची सवय किती आहे याचा विचार करावा.

त्यानंतर मी वापरलेला, एकेकाळचा उंची फोन घेतला, आणि त्याची दुखणी लपवण्यात अर्थ नाही. आदर्श परिस्थितीत ५०० पूर्ण चार्जिंगनंतर बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्के राहावी अशी रचना आहे, असे आयफोन १४ व त्याआधीच्या फोनांबद्दल खुद्द ॲपलच सांगते. वापरलेल्या फोनने तो टप्पा बहुधा मागच्या मालकाकडेच ओलांडलेला असतो. माझा फोन दुपारी तीनलाच मान टाकत असे, म्हणून महिन्याभरात बॅटरी बदलून घेतली. नवी बॅटरी रात्रीपर्यंत पुरते, पण फोन एकदा उघडल्यानंतर त्याच्या मूळच्या जलरोधकतेवर विसंबता येत नाही, म्हणून पावसात मी तो पिशवीतच ठेवतो. सुरक्षा अपडेट किती काळ मिळणार हे मात्र काटेकोरपणे पाहावे. पिक्सेल ४एची हमी ऑगस्ट २०२३ पर्यंतचीच होती, आणि अपडेट थांबलेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करावेत असे मी कोणालाही सुचवणार नाही. माझ्या फोनचे अपडेट अजून चालू आहेत, एवढी काळजी मी घेतली होती.

हे सगळे मान्य करूनही, हा फोन कानाला लावल्यावर पडदा मिटतो आणि कानापासून दूर नेताच उजळतो, दर वेळी, आणि आता त्याच्याकडे माझे लक्षही जात नाही. माझी एक सहकारी नव्या स्वस्त फोनवर पूर्ण समाधानी आहे, पण ती सगळे कॉल इअरफोनवर घेते, तेव्हा तिचा अनुभव माझ्या अनुभवाला खोडून काढत नाही. ज्यांचे बोलणे मुख्यतः संदेशांतून होते, त्यांनाही दोन दिवस चालणारी बॅटरी कदाचित अधिक मोलाची वाटेल, आणि ते चुकीचे ठरणार नाही.

माझा तो नवा फोन सध्या बाबांकडे आहे. ते कोणताही कॉल स्पीकरवरच घेतात आणि फोन हातभर लांब धरून बोलतात, त्यामुळे त्यांना त्यात काहीही खोट आढळलेली नाही. इतका चांगला फोन मी का सोडला, असे ते अधूनमधून विचारतात.